नायडूंचा सूर्य

अलेक्झांड्रिया, ७ फेब्रुवारी २००४

वग्दी,

हे पत्र आपलं बहीणभावाचं भांडण मिटवण्यासाठी नाही. आधीच सांगून ठेवते, उगाच पुढचं वाचून तू हुरळून जायला नकोस. मला तुझ्याकडून एक काम करून हवंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, हे माझं दुर्दैव.

येत्या ८ जूनला शुक्र सूर्यासमोरून जाणार आहे. भर दिवसा, सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सहा तास सरकत राहील. आज जिवंत असलेल्या एकाही माणसाने हे पाहिलेलं नाही. बाबांनी रेडिओवर ऐकलं आणि मी शाळेतून आल्या आल्या मला धरलं. "सुहैर, त्यावरून सूर्य किती लांब आहे ते काढतात म्हणे. आपण काढायचं."

मी म्हटलं, "बाबा, ते माझ्या आठवीच्या पुस्तकात आहे. पंधरा कोटी किलोमीटर."

"पुस्तकातलं दुसऱ्याने मोजलंय. नकाशात बंदराची खोली लिहिलेली असायची, तरी मी दोर टाकून बघितल्याशिवाय एक जहाज आत ओढलं नाही."

त्यांचा उजवा डोळा गेलाय. तुला कुणी कळवलं नसणारच. काचबिंदू आहे, त्यामुळे ऑपरेशन करून उपयोग नाही. डावा हिवाळ्यापर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणतात. एका डोळ्याने दिसतं सगळं, पण लांब-जवळचा अंदाज येत नाही. चहा पेल्याच्या शेजारी ओततात आणि शिव्या पेल्याला घालतात.

आता एक कर. हात लांब करून अंगठा उभा धर. आधी एक डोळा मीट, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो ना? त्या उडीवरूनच डोक्याला कळतं की अंगठा किती लांब आहे. शुक्रासाठी मात्र हे दोन डोळे हजारो किलोमीटर दूर लागतात. एक डोळा इथे आपल्या गच्चीवर. मी नकाशावर पट्टी ठेवून गच्चीपासून सरळ खाली रेघ ओढली, तर ती अख्खी आफ्रिका ओलांडून तुझ्या डर्बनच्या जवळ उतरली. हे काही मी ठरवून केलेलं नाही.

घरी फोन करू नकोस, फोन बाबा उचलतात. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. बाबांना मी सांगितलंय की डर्बनचे एक शिक्षक, मिस्टर नायडू, मदत करणार आहेत. चार वर्षांपूर्वी तू पाठवलेल्या मसाल्याच्या पाकिटावर ते नाव होतं. अकरा वर्षांतली तुझी तेवढीच खबर. फार तिखट होता.

सुहैर


२१ मार्च

वग्दी,

'हो' लिहिलंस, बरं केलंस. बाकीची चार पानं कुणी मागितली नव्हती, पण वाचली.

तू विचारतोस, सूर्य मोजून मिळणार काय? हे तू लहानपणी गणिताच्या प्रत्येक धड्याला विचारायचास. ऐक. सूर्याचं अंतर ही पहिली पायरी आहे. ते कळलं की पृथ्वीचा सूर्याभोवतीचा फेरा किती मोठा ते कळतं. मग एखादा तारा आज बघायचा आणि सहा महिन्यांनी, म्हणजे फेऱ्याच्या पलीकडच्या टोकावरून, पुन्हा बघायचा. तेही दोन डोळेच, फक्त खूप लांबलांबचे. तारा केसभर हलतो, त्यावरून त्याचं अंतर निघतं. ते निघालं की त्याच्यासारख्याच दुसऱ्या, अंधुक दिसणाऱ्या ताऱ्याचं. असं एकावर एक पाऊल ठेवत माणसं विश्वाच्या टोकापर्यंत गेली. पहिली पायरी डगमगली तर वरचं सगळं डगमगतं. मला ती पायरी बाबांच्या पायाखाली आणून ठेवायची आहे, त्यांना दिसतंय तोवर. बस.

तू लिहितोस की तुमचं स्वयंपाकघर उत्तरेला आहे म्हणून हिवाळाभर त्यात ऊन असतं, आणि थांडेकाने त्या खिडकीत टोमॅटो लावलेत. उत्तरेच्या खिडकीत ऊन! तुझं बोलणं पहिल्यापासून असंच उफराटं. तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. ती तुला कशी सहन करते, ते एकदा तिलाच विचारेन.

बाबा तुझं नाव का घेत नाहीत, ते तुला कुणी सांगितलं नसेल. आईच्या मयतीनंतर तिसऱ्या दिवशी, मांडवात लोक भेटायला येत होते आणि बाबांच्या शेजारची मुलाची खुर्ची रिकामी होती. जो येई तो आधी त्या खुर्चीकडे बघे, मग बाबांकडे. शेवटचा माणूस गेल्यावर बाबांनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली: त्याचं नाव घेणार नाही, त्याला या घरात बोलावणार नाही. ती त्यांनी आजवर पाळली आहे. खालच्या मजल्यावरची उम्म हनफी दर ईदला त्यांच्या मागे लागते, "अहो रयीस, कप्तानसाहेब, अल्लाने वाट ठेवलीय की! दहा गरिबांना पोटभर जेवू घाला, शपथ सुटते." बाबा म्हणतात, "दहा गरिबांना मी रोज जेवू घालीन. त्या कारणासाठी नाही."

तेव्हा तू नायडूच राहा. बाबांना नायडू आवडायला लागलेत. काल विचारत होते, नायडू चहात साखर किती घेतात?

सुहैर


४ मे

वग्दी,

आता नीट वाच आणि सांगितलंय तेवढंच कर, स्वतःची अक्कल लावू नकोस.

दुर्बीण स्टँडवर घट्ट बांध. एका नळीवर टोपण घाल. दुसरीतून सूर्याचा उजेड मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाड. दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, चुकूनसुद्धा नाही, या घरात एक डोळा गेलाय तेवढा पुरे. पुठ्ठ्यावर मी पाठवलेला गोल छापलेला कागद लाव आणि सूर्य त्या गोलात बसव. सूर्य आपोआप एका बाजूला सरकत जाईल, त्या सरकण्याच्या रेषेवर कागदाची आडवी रेघ जुळव. वरच्या टोकाला 'उत्तर' लिही. दुपारच्या दोन तासांत दर पाव तासाला शुक्र जिथे असेल तिथे टिंब दे. आमच्याकडे उन्हाळ्याची वेळ लागलीय, त्यामुळे आमचा एक म्हणजे तुझे बारा. पण सूर्य तुझ्या आणि आमच्या डोक्यावर एकदमच येतो, घड्याळं काहीही म्हणोत.

कागद टपालाने पाठव. फॅक्समध्ये सूर्य लांबट होतो, मी करून बघितलंय.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं, की त्या दिवशी मुलींना खिडक्या बंद करून वर्गात ठेवायचं. "एखादीचे डोळे गेले तर आईबाप मला विचारतील, सूर्याला नाही." मी म्हटलं, परीक्षा संपलेल्या असतील, मुली तुमच्या नसतील, त्या माझ्या गच्चीवर येतील. त्या म्हणाल्या, "सुहैर, तू फार हट्टी आहेस." हे मला माहीत आहे. रोज संध्याकाळी एकेका मुलीच्या घरी जातेय, आयांसमोर पुठ्ठा आणि दुर्बीण मांडून दाखवतेय. चहा पिऊन पिऊन पोट बिघडलंय, पण अजून एकही आई नाही म्हणालेली नाही.

तू आईच्या वेळचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझ्याकडे कागदपत्रं नव्हती, निघाला असतास तर परत जाता आलं नसतं, थांडेकाला सातवा महिना होता. हे त्या वेळी का नाही लिहिलंस? लाज वाटली, म्हणतोस. तुझ्या लाजेची किंमत इथे आम्ही दोघांनी भरली.

बाबांना तुझ्या नावाने हे सांगता येत नाही. म्हणून काल रात्रीच्या जेवणात मी सांगितलं, की बिचाऱ्या नायडूंचंही असंच झालं होतं, परदेशात अडकले होते, कागदपत्रं नव्हती, आईच्या मातीला जाता आलं नाही. बाबांचा हात पेल्यापाशी थांबला.

"बायको गरोदर होती?" त्यांनी विचारलं.

मी ते सांगितलंच नव्हतं. म्हटलं, "हो."

"मग काय करणार माणूस," म्हणाले, आणि चहा पुन्हा मेजावर ओतला.

सुहैर


८ जून, संध्याकाळ

वग्दी,

झालं! दिसलं!

सकाळी समुद्रावर धुकट पडदा होता आणि मी दर मिनिटाला कठड्याशी जाऊन बघत होते. मग ऊन फुटलं ते असं, की गच्चीच्या फरशीवर पाय ठरेना. मुली चादरी घेऊन आल्या, कबुतरांच्या खुराड्याला बांधून सावली केली. दुपारी सूर्य इतका वर गेला की पुठ्ठा जवळजवळ जमिनीवर टेकवावा लागला. बाबांना खाली चटईवर बसवलं. नाक पुठ्ठ्याला लागेल इतके वाकले, डोकं हळूहळू फिरवत राहिले आणि एकदम थांबले.

"हा? मसुराएवढा?"

"हाच."

"हा अख्खा शुक्र?"

"अख्खा, बाबा. जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा."

मग नाक पुठ्ठ्यापासून हलवेनात. मुलींनाही कळलं, त्यांनी एक चादर ओढून त्यांच्या पाठीवर सावली धरली. मला रडू आलं, आणि मी ते घामात खपवलं.

शेवटी शेवटी ठिपका कडेला टेकला, पण धड टेकेना. काकवीच्या थेंबासारखा कडेला ओघळून चिकटून राहिला. नेमका कधी टेकला, याच्या तीन मुलींनी तीन वेगळ्या वेळा सांगितल्या. जुन्या काळी मोठमोठे लोक जहाजं घेऊन जगाच्या टोकाला गेले आणि याच थेंबाने त्यांना चकवलं. म्हणून मी वेळेवर भिस्त ठेवली नव्हती, टिंबांवर ठेवली. आमची टिंबं सरळ रेषेत आली आहेत.

आता सगळं तुझ्या कागदावर आहे. आभाळ कसं होतं तिथे? बाबा दर तासाला विचारत होते, "नायडूंकडे ढग नसतील ना?"

सुहैर


३ जुलै

वग्दी,

तुझा कागद आला. मी तो आमच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला.

आमचा शुक्र सूर्याच्या दक्षिणेच्या अर्ध्यात आहे. जगभर ज्याने ज्याने पाहिला, त्याला तो तिथेच दिसला, वर्तमानपत्रातले फोटो आहेत. तुझा शुक्र उत्तरेच्या अर्ध्यात आहे. शिवाय तो आमच्या शुक्राच्या उलट दिशेने चालतो. दोन रेघांमध्ये बारीकशी फट हवी होती, इथे अख्खा हात जाईल.

तू बघितलंच नाहीस ना? झोपून राहिलास, नाहीतर ढग आले, आणि मग बसल्या जागी टिंबं ठोकून दिलीस. 'थांडेकाने स्वयंपाकघरातून रेडिओची वेळ ओरडून सांगितली', हे रंगवायचं तरी कशाला?

मी मुलींच्या आयांपुढे जाऊन बसले. बाबा रोज टपालाचं विचारतात, आणि त्यांच्या डाव्या डोळ्याला आता दाराची चौकट नीट दिसत नाही. दुसरा शुक्र आठ वर्षांनी. तोवर त्यांना काय दिसणार आहे?

एका वर्षात येतो म्हणून गेलास. तू येशील मग आई-बाबा एकटे पडणार नाहीत, म्हणून मी हाझिमशी लग्न करून कुवेतला जायचं लांबवलं. तो तरी किती थांबणार होता? त्याची थोरली आता माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. हुशार आहे. गच्चीवरची सर्वांत नेमकी टिंबं तिची आहेत.

तुझ्यावर भरवसा ठेवला, ही माझीच चूक. पत्र पाठवू नकोस.


५ जुलै

प्रिय वग्दी,

परवाचं पत्र मी रागाच्या भरात त्याच दुपारी पेटीत टाकलं. आज पोस्टात जाऊन ते परत मागितलं, तर कारकून हसला. म्हणजे ते तुला हे वाचण्याआधी मिळणार. ते मिळालं असेल तर आता हे हळू वाच.

आज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सूर्य बघायला दक्षिणेकडे तोंड केलं, डोळ्यांवर हात धरला, आणि तुझं स्वयंपाकघर आठवलं. उत्तरेची खिडकी. थांडेकाचे टोमॅटो.

वग्दी, तिथे सूर्य उत्तरेला असतो! मी मुलींना सोळा वर्षं भूगोल शिकवतेय आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून सूर्य बघतो, तेव्हा सूर्याची वरची बाजू ही उत्तर. तू उत्तरेकडे तोंड करून बघतोस, तेव्हा त्याच सूर्याची वरची बाजू ही दक्षिण. तू पृथ्वीच्या पोटाला पाय लावून उभा आहेस, तुझं डोकं खाली आहे. इथे राहणाऱ्याला सूर्य दक्षिणेला असतो हे कुणी सांगावं लागत नाही, म्हणून मी बिनधास्त लिहून टाकलं, 'वरच्या टोकाला उत्तर लिही'. आणि वर तुला दम दिला, की स्वतःची अक्कल लावू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस, आणि नेमकं तेव्हाच ऐकायला नको होतं.

कपडे तसेच टाकून खाली पळाले. तुझा कागद डोकं खाली-पाय वर असा फिरवला आणि पुन्हा काचेला लावला.

दोन रेघा. शेजारी-शेजारी, एकाच दिशेने चाललेल्या, मध्ये बारीकशी फट. तुझं एकही टिंब भरकटलेलं नाही. माझी दोन आहेत.

तू पाहिलंस. उभा राहिलास, दोन तास, मी सांगितलं तसं. मी तुला खोटा म्हटलं, ते मागे घेते. मला माफ कर.

हाझिमचं लिहिलेलं मात्र मागे घेत नाही. ते खरं आहे, आणि तुला माहीत असायला हवं होतं.

तुझी सुहैर


२२ जुलै

प्रिय वग्दी,

सोळा कोटी ऐंशी लाख किलोमीटर.

तीन वेळा मांडलं. फट मोजली, तुझ्या-आमच्यातलं अंतर घातलं. तेही जमिनीवरून वळसा घालून नाही, पृथ्वीच्या पोटातून सरळ. पुस्तकापेक्षा आठवा भाग जास्त आलं. मुलींची तोंडं उतरली. बाबांना सांगताना मीही जरा चाचरले.

"एवढीच चूक?" बाबा म्हणाले. "पहिल्यांदा दोर टाकला त्या दिवशी मी जहाजच रुतवलं होतं."

मग त्यांनी कागद मागितले. मी दोन्ही कागद जुळवून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि त्यांचं बोट फटीवर नेलं. त्यांना दिसेना. म्हणाले, "मसूर आण." मसुराचा एक दाणा मी दोन रेघांमध्ये आडवा ठेवला. दोन्ही बाजूंना थोडा बाहेर आला. त्यांनी बोटाच्या टोकाने तो चाचपला.

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

"यातली आपली रेघ कुठली?"

"ही. आणि ही नायडूंची."

बोट नायडूंच्या रेघेवर शेवटपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मग म्हणाले, "लिहून घे, मिस्टर नायडूंना." खाली लिहिते ते त्यांचं आहे, माझा एक शब्द नाही.

'मिस्टर नायडू, आपला कागद मिळाला. हात स्थिर आहे, काम चोख आहे. आमच्या सुहैरने आपल्याला आधी रागाचं पत्र लिहिलं असं समजलं. मनावर घेऊ नका, तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय. आपल्या आईच्या वेळी आपल्याला जाता आलं नाही, हे तिने मला सांगितलं. मला ते अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. माझी बायको गेली तेव्हा माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीवर फार रागावलो. आपण कधी अलेक्झांड्रियाला आलात तर हॉटेलात उतरू नका. आमच्याकडे एक खोली आहे, खिडकीतून बंदर दिसतं. बायकोला आणि लेकराला घेऊन या. माझा डावा डोळा अजून थोडा शिल्लक आहे, म्हणून फार उशीर करू नका. चहात साखर तीन चमचे, हे माझ्या लक्षात आहे.'

साखरेचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, वग्दी. तूही मला कळवलं नव्हतंस.

मी कागदाची घडी घालत होते. बाबा उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "उद्या दहा माणसांची कोशरी टाक. कांदा सढळ तळ. आणि उम्म हनफीला सांग, दहा गरीब माणसं बघून ठेव."

घडी अर्धवटच राहिली. तरी मी विचारलंच. "नायडूंना घरी बोलवायला दहा गरिबांना कशाला जेवू घालायचं, बाबा?"

"नायडूला बोलवायला नाही लागत," ते म्हणाले आणि आत गेले.

मसूर निवडायला घेतलेत, तांदूळ भिजवायचे आहेत. तू तिकिटांचं बघ.

सुहैर